बुडालेलं टेकाड आणि दौलतभाऊ

मी पहिल्याच दिवशी दौलतभाऊंशी भांडले. चंद्रपूरपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या आमच्या तलावाला तेव्हा नुकतंच 'पक्षी उद्यान' म्हणायला लागले होते. तलाव जुनाच. फक्त पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चार बाकडी, एक घसरगुंडी, एक सिमेंटचा मोर आणि फाटकाशी तिकिटाची टपरी एवढं नवीन आलं होतं. त्या टपरीत मी. नोकरी लागल्याच्या आनंदात मी मोबाइलवर गाणी लावून बसले होते. तर खाकी शर्ट, खाली धोतर, खांद्यावर दुपट्टा, असा एक माणूस खिडकीसमोर येऊन उभा राहिला.

"बंद कर वं थे. पानी निजून राह्यलं."

"पाणी निजते का कुठी?" मी म्हटलं. "आन तुम्ही कोण?"

"मी गेटवाला. तू कोण?"

"मी तिकीटवाली."

"मंग तिकीट फाड. आमचे कान काऊन फाडते?"

एवढं बोलून ते पाळीवरून निघूनही गेले. अनवाणी चालायचे. पायांत चप्पल असली तर पाळ कुठे ओली आहे ते कळत नाही म्हणायचे. मी दिवसभर धुमसत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गाणी लावली नाहीत, ही माझीच हार.

दौलत मेश्राम. जातीनं ढिवर. बाप याच तलावात मासे धरून जगला आणि गेला. दौलतभाऊ मात्र सरकारी चौकीदार झाले. त्यांच्या ताब्यात दोन गेटं होती. एक वरच्या धरणाच्या कालव्यातलं पाणी तलावात घेणारं, दुसरं तलावातलं पाणी खाली धानाच्या बांध्यांत सोडणारं. एवढंच त्यांचं राज्य, आणि त्यात ते कोणाचं ऐकत नसत. धक्क्याजवळ पाणी मोजायची लोखंडी पट्टी होती, पण ते बोटांनी मोजत. रोज सकाळी पाण्यात हात घालून मोठ्यानं सांगायचे, "आज दोन बोटं उतरलं." कोणाला सांगायचे, देव जाणे. आसपास बगळ्यांशिवाय कोणी नसायचं.

बोलणं सगळं असंच आडवं. "पानी कोनाच्या बापाचं नाई," म्हणायचे, "पन पान्याले बाप लागते." हिवाळ्यात बाहेरून येणाऱ्या बदकांना ते 'सोयरे' म्हणत. "सोयरे आले, आता चार महिने पाहुणचार." आणि उन्हाळ्यात, तलाव आटून मधलं मुरमाड टेकाड उघडं पडलं की त्यावर येणाऱ्या पाखरांना ते म्हणत, घरचे. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळीधम्मक चोच, शेपूट कात्रीसारखं दुभंगलेलं. घरटं म्हणून काही नाहीच. मुरमात उकरलेला एक खळगा, त्यात दोन-तीन अंडी, आणि वर आमच्या चंद्रपूरचं ऊन. ते ऊन काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

एकदा मे महिन्यात भर बारा वाजता त्यांनी मला टपरीतून उठवलं. "चाल, तुले एक दाखोतो." पाळीवर बसवलं, डोक्यावर स्वतःचा दुपट्टा दिला आणि टेकाडाकडे बोट केलं. मला काही दिसेना. घामाच्या धारा लागल्या. शेवटी दिसलं. एक सुरय अंड्यांवरून उठायची, पाण्याला पोट टेकवायची, भिजलेल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच.

"पाह्यलं? अंडे उबवतेत सगळे," दौलतभाऊ म्हणाले. "हे तर अंडे थंडे करते. माय वं, किती उठबस! आपल्याच्यानं होते का असं?"

मी म्हटलं, "भाऊ, मले चक्कर येऊन राह्यली." तेव्हा कुठे सुटका झाली. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं बंद केलं. आता जे सांगणार आहे ते त्याच वर्षीचं, आठ दिवसांनंतरचं.

टपरीतल्या फोनवर पाटबंधारे खात्याच्या साहेबांचा फोन आला. परवा बोटींचं उद्घाटन, मोठे पाहुणे येणार, आणि धक्क्याला पाणीच नाही, बोटी चिखलात बसल्यात. दौलतला सांगा, कालव्याचं गेट उघड, तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी घे. मी धावत जाऊन निरोप दिला. अगदी आनंदानं दिला, हे लिहायची लाज वाटते. मला बोटींची हौस होती.

दौलतभाऊ खाली बसले. "तिसऱ्या पायरीले टेकाड बुडते."

"मंग सांगा ना साहेबाले."

"मी सांगू? तीस वर्षं झाले, साहेबाले नाई म्हनलं नाई मी."

मीच फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभं राहून, दुपट्टा खांद्यावरून काढून, अडखळत सांगितलं. पलीकडून साहेबांचं हसणं मला बाहेर ऐकू आलं. "अरे दौलत, पक्ष्यांना पंख असतात."

फोन बंद झाल्यावर त्यांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "अंड्याले कुठी रायतेत पंख?"

आणि मग त्यांना उपाय सुचला. त्यांच्या घरी आई कोंबडी बसवायची. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घातलेल्या टोपलीत अंडी ठेवायची, टोपली घरात कुठेही नेली तरी कोंबडी जाऊन त्यावर बसायची. "मायच हाय शेवटी," दौलतभाऊ म्हणाले. "लेकरं जिथी, माय तिथी." मलाही पटलं. कोणाला पटणार नाही? आम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं, आणि ठरवताना आम्हाला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

गेट उघडण्याआधी, ऊन उतरल्यावर, ते डोंगा, आपली छोटी होडी, घेऊन निघाले. मी टोपली धरून बसले. खाली तणस अंथरलं होतं. टेकाडावर पाय ठेवताच सगळी पाखरं एकदम उठली आणि डोक्यावर किंचाळत घिरट्या घालायला लागली. दौलतभाऊ एकेक अंडं दोन्ही हातांनी उचलत आणि माझ्याकडे देत. गरम होती ती. बावीस खळगे. कुठल्या खळग्यात किती, ते त्यांनी पाठ करून घेतलं. पाळीच्या टोकाला एक मुरमाड उंचवटा होता, टेकाडावरून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तिथे त्यांनी तसेच बावीस खळगे उकरले, तितक्याच अंतरावर, तशीच अंडी ठेवली, आणि म्हणाले, "झालं. आता येतीन."

मग त्यांनी गेट उघडलं. उद्घाटनाच्या सकाळी टेकाड नव्हतं. सपाट पाणी. पाहुणे आले, बँड लागला, फीत कापली, फुगे बांधलेली बोट निघाली आणि नेमकी त्या जागेवरून गेली. तिथे सगळी पाखरं होती. पाण्यावर घिरट्या, खाली झेप, पुन्हा वर, किंचाळणं. बोटीतली एक बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "बघा, पक्षीसुद्धा स्वागताला आलेत!" आणि लोकांनी फोटो काढले.

मी उंचवट्याकडे पाहिलं. दौलतभाऊ अंड्यांवर दुपट्ट्याची सावली धरून बसले होते. मधूनमधून उठायचे, लोट्यात पाणी आणायचे, बोटांनी अंड्यांवर शिंपडायचे. मग एक अंडं तळहातावर घेऊन उंच धरायचे आणि ओरडायचे, "इथी हाय वो! इथी! इकडे पाहा!" बँडमध्ये त्यांचा आवाज मला एकटीलाच ऐकू येत असावा. पाखरांनी एकदासुद्धा तिकडे पाहिलं नाही. ती पाण्यात बुडालेलं टेकाड शोधत होती.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी पाखरं नव्हती. दौलतभाऊ मात्र पुढे आठवडाभर सावली धरून बसत होते, पाणी शिंपडत होते. मी जेवण नेऊन ठेवायचे, ते मुंग्या खायच्या. अंड्यांना वास सुटला तेव्हा त्यांनी पळसाखाली खड्डा करून ती पुरली. मला बोलावलं नाही. मी दुरून पाहिलं आणि रडले. त्यांच्यासमोर रडायची हिंमत झाली नाही, कारण निरोप मीच आणला होता. त्यावर ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दौलतभाऊ वेगळे होते. अंडं खाणं सुटलं. एकदा मी डब्यात अंड्याची भाजी आणली, तर झाकण उघडताच ते उठून गेले आणि दिवसभर टपरीकडे फिरकले नाहीत. हात सारखे धुवायचे, राखेनं, मुरमानं. "माह्या हाताचा वास लागला अंड्याले," म्हणायचे. "म्हनून नाई आले थे." आणि श्रावणात, जेव्हा पुऱ्या तलावावर एक सुरय नसते, तेव्हा बोलता बोलता थांबायचे, मान वाकडी करायचे.

"ऐकू आली का?"

"काय?"

"काई नाई."

आधी आधी मी हसण्यावारी न्यायचे. मग मलाही सवय लागली. पाऊस थांबून तलाव गप्प झाला की मी टपरीत बसल्या बसल्या कान द्यायचे. शपथेवर सांगते, दोनदा मला ऐकू आली. मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टेकाड वर आलं. पाखरंही आली, पण नुसती वरून फिरली आणि गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्या वर्षी नागपूरहून पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. गळ्यात दुर्बीण, पायात मोठे बूट, पण स्वभावानं गोड. दौलतभाऊंनी तिला हाताच्या वासाचं विचारलं.

"नाही हो काका," ती समजूत घालत म्हणाली. "वासाचं काही नसतं. तुमच्या हातानं काही झालं नाही. ही पाखरं अंडं ओळखत नाहीत, जागा ओळखतात. अंडी हातभर सरकवली असती तर कदाचित चाललं असतं. एवढ्या लांब नाही."

मला वाटलं, चला, माणूस सुटला एकदाचा. दौलतभाऊंचा चेहरा मात्र पार उतरला.

"म्हनजे अंडे समोर होते," ते म्हणाले, "आन थे पान्यातच शोधत होते."

मुलगी हळूच दुर्बीण पुसायला लागली. तेव्हापासून ते हात कमी धुवायला लागले, पण पाण्याकडे पाहणं वाढलं. टेकाड बुडलेलं असायचं त्या महिन्यांतसुद्धा ते बरोबर त्या जागेकडे पाहत बसायचे.

मातीच्या पाखरांची कल्पना त्यांची स्वतःची. म्हणजे मूळ फासेवाल्यांची. त्यांच्या लहानपणी तलावावर फासे लावणारे यायचे. ते एक पाळलेलं पाखरू दोरीला बांधून बसवत. बाकीची त्याला पाहून उतरत आणि अडकत. "मारासाठी चालते, तं जगवासाठी काऊन नाई चालनार?" दौलतभाऊंनी मला विचारलं. तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी मातीचे बैल करणारा एक कुंभार त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून पाखरं करवून आणली.

मी पाहिली आणि मला हसू आवरेना. "भाऊ, ह्या तर कोंबड्या झाल्या!"

"अवं हो," तेही हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग कुंभाराकडे स्वतः जाऊन बसले, मान बारीक करवली, शेपूट ताणवलं. चुन्यात राख कालवून रंग दिला, डोक्याला काजळ, चोचीला हळद. मी चोची रंगवायला मदत केली. ती पाखरं त्यांनी टेकाडावर जुन्या खळग्यांच्या जागी मांडली. बावीसही जागा त्यांना पाठ होत्या.

खरी गंमत पुढेच. खरी सुरय वाऱ्याकडे तोंड करून बसते. म्हणून दौलतभाऊ रोज सकाळी डोंग्यातून जात, वारा कुठला आहे ते पाहत आणि एकेक मातीचं पाखरू त्या दिशेला वळवून ठेवत. वारा फिरला की दुपारी पुन्हा. गावातली माणसं हसायची. बागेत येणारे लोक विचारायचे, "हे पक्षी उडत का नाहीत?" एकानं मला सांगितलं, किती शांत बसलेत बघा. मला त्यांच्याकडे फार वेळ पाहवत नसे. बावीस पाखरं, सगळी एका दिशेला तोंड करून, आवाज नाही, हालचाल नाही. पुरलेल्या अंड्यांतलीच वर येऊन बसलीत असं वाटायचं. मी खिडकीचं दार लोटून घ्यायचे.

पहिला उन्हाळा रिकामा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा वरून फर्मान आलं, बोटी टेकल्यात, पाणी घ्या. या वेळी साहेब जीपनं स्वतः आले. दौलतभाऊंच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. गेटची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"लेखी आना," दौलतभाऊ म्हणाले.

"अहो, तिथे एक पक्षी तरी आहे का? तुमची मातीची खेळणी आहेत नुसती!"

"पाखरू नाई. जागा हाय."

"रिकाम्या जागेसाठी तुम्ही माझं ऐकणार नाही?"

"नाई," दौलतभाऊ म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली मुठीत धरली. "नाई साहेब. नाई." एकदा जमलं म्हणून की काय, तीनदा म्हणून घेतलं.

त्यांना नोटीस आली. ती त्यांनी घडी घालून माझ्याकडे ठेवायला दिली. पण त्या मुलीनं नागपुरात खटपट केली, जंगलखात्यानं पत्र लिहिलं, आणि होळीपासून पावसाळ्यापर्यंत टेकाडाच्या खालीच पाणी ठेवायचं, असा लेखी हुकूम निघाला. पाळीवर तसा फलकही लागला. दौलतभाऊ निवृत्त झाले ते टोपी-नारळ न घेता. घर तलावाकाठच्या गावातच, त्यामुळे रोज यायचेच. नवीन गेटवाला भला माणूस होता. डोंगा त्यांनाच वापरू द्यायचा.

आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाखरं उतरली.

सकाळी मातीच्या पाखरांत एक हललं. मला वाटलं, उन्हानं डोळे तिरमिरले. मग दुसरं हललं. आठवडाभरात अकरा जोड्या झाल्या. दौलतभाऊ पाळीवर बसून पाहत होते. टेकाडाकडे डोंगा त्यांनी त्या दिवसापासून नेलाच नाही. मग एका सकाळी ते खिडकीशी आले. खांद्याला पिशवी.

"अंडं टाकलं," ते म्हणाले. "चार खळग्यांत."

मी ओरडलेच. बाहेर येऊन त्यांचे हात धरले. ते गार होते.

"मी चाललो," ते म्हणाले. "मुलचेऱ्याले. पोरीकडे."

"आता? अवं बाप्पा, इतके वर्षं वाट पाह्यली आन आता जाता?"

"म्हनूनच."

"म्हणजे?"

त्यांनी टेकाडाकडे पाठ केली होती. "माहा माह्यावर भरोसा नाई, करुणा. उद्या पानी दोन बोटं चढलं, ऊन लय झालं, एखादा कावळा आला, तं मी डोंगा काढीन. मले माहीत हाय. मी काढीनच. मी इथी नसलो म्हनजे त्याईचं बरं."

मी खूप समजावलं. किल्ली तुमच्याकडे नाही, डोंग्याला मी कुलूप लावते, म्हटलं. ते नुसती मान हलवत राहिले. कुलपानं हात थांबत नाहीत, एवढंच म्हणाले.

त्या वर्षी ऊन खरंच लय झालं. कावळेही आले. पाखरांनी स्वतःच त्यांना हाकललं, स्वतःच पोटं भिजवून अंडी थंड ठेवली, आणि आम्ही कोणी काही केलं नाही. काही न करता बसणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. एकोणीस पिल्लं उडाली. मी मुलचेऱ्याला त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, इकडे आल्यापासून फोन वाजला की बाबा घराबाहेर जाऊन उभे राहतात, शेजारच्या बंगाली लोकांच्या वाडीपर्यंत चालत जातात. त्या दिवशी तिनं मागे जाऊन सांगितलं. ते रस्त्यातच खाली बसले म्हणे. मग घरी येऊन दोनदा भात मागून घेतला. भादव्यात ते तिथेच वारले. तलावाकडे परत आलेच नाहीत.

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी, ते पिशवी घेऊन आले होते तेव्हा. मुलचेऱ्याच्या वाटेवरच्या आष्टीकडे जाणारी एसटी आमच्या पाळीवरूनच जाते. मी टपरी उघडी टाकून पाळीवर जाऊन उभी राहिले, म्हटलं, जाताना हात तरी करतील. एसटी आली. त्यांना नेमकी तलावाच्या बाजूची जागा मिळाली होती. मे महिना, भट्टीसारखी गाडी, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि सगळी माणसं माना बाहेर काढून पाखरं पाहत होती. एकच काच बंद होती. मागच्या सीटवरची बाई ओरडत होती, "ओ काका, काच उघडा ना, मराले होते!" कंडक्टरही काहीतरी म्हणत होता. दौलतभाऊ डोळे मिटून बसले होते आणि पाळ संपेपर्यंत त्यांनी ती काच दोन्ही हातांनी दाबून धरली होती.